किडनीतली गाठ लिम्फोमाची असू शकते का? ऑपरेशनआधी बायोप्सी मागावी का?

धाकटी बहीण

माझा मोठा भाऊ, वय ५८. तीन महिने उजव्या कुशीत दुखत होतं. उसण भरली असेल म्हणून त्याने अंगावर काढलं. मग रोज संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, रात्री बनियन पिळावं लागेल इतका घाम, आणि बघता बघता वजन ९ किलोंनी उतरलं. सोनोग्राफीत उजव्या किडनीत गाठ दिसली. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ७.८ सेंटिमीटरची घन गाठ, 'रीनल सेल कार्सिनोमाची शक्यता', म्हणजे किडनीच्याच पेशींचा कॅन्सर, असं लिहिलंय. सर्जन म्हणाले, किडनी काढायची. तारीख आठ दिवसांवर आहे.

पण त्याच रिपोर्टाच्या अगदी शेवटच्या ओळीत 'लिम्फोमाचाही विचार व्हावा', म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरचा, असं आहे. मी त्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, "ते फार क्वचित असतं, काढल्यावर कळेलच." क्रिएटिनिन १.६ आहे, म्हणजे मुळातच किडनीचं काम थोडं कमी आहे.

काढल्यावर कळणार असेल तर काढण्याआधी कळून घेता येत नाही का? दादा म्हणतो, होऊन जाऊ दे एकदाचं. तो थकलाय. मला मात्र गाठ कसली आहे हे कळल्याशिवाय त्याला ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ द्यायचं नाही. चुकत असेन तर सांगा.

सूक्ष्मदर्शी

चुकत नाहीये तुमचं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आयुष्यभर स्लाइडच बघत आले, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

सर्जनची बाजू आधी. किडनीतली घन गाठ बहुतेक वेळा रीनल सेल कार्सिनोमाच असते, आणि तिचं सीटीवरचं रूप इतकं ओळखीचं असतं की पुष्कळदा बायोप्सी न करताच ऑपरेशन होतं. ती पद्धत चूक नाही. ताप, घाम, वजन उतरणं हेही त्या कॅन्सरमध्ये होऊ शकतं. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून कोणी लिम्फोमा ओळखला नाही, तर त्याला दोष देता येत नाही.

पण रेडिओलॉजिस्टने ती ओळ उगाच लिहिलेली नसते. त्यांना काय वेगळं दिसलं ते विचारा. क्लिअर सेल या रीनल सेल कार्सिनोमाच्या नेहमीच्या प्रकारात गाठीला भरपूर रक्तपुरवठा असतो, त्यामुळे डाय दिल्यावर ती झगझगीत उजळते आणि आतून चट्ट्यापट्ट्याची दिसते. लिम्फोमाची गाठ सगळीकडे एकसारखी असते आणि डाय फारसा घेत नाही. दुसरी खूण शिरेची. कार्सिनोमा किडनीच्या मुख्य शिरेत शिरून आत गुठळीसारखा वाढू शकतो. लिम्फोमा सहसा रक्तवाहिनीला बाहेरून वेढा घालतो आणि आतला प्रवाह चालू राहतो. या खुणा पक्क्या नाहीत, पण शंका घ्यायला पुरेशा आहेत. आणि शंका आहे तिथे आधी सुई, मग सुरी. लिम्फोमाचा इलाज औषधांनी होतो. त्यासाठी किडनी काढावी लागत नाही.

ओसरी

वाचतोय. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलंय की गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो. यात कितपत तथ्य आहे?

सूक्ष्मदर्शी

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, मनात तो सगळ्यांच्याच असतो. किडनीच्या गाठीची बायोप्सी हल्ली सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत बघत करतात. एक पोकळ नळी गाठीपर्यंत नेतात आणि तिच्यातून आतली सुई पुन्हा पुन्हा घालून तुकडे घेतात. या पद्धतीत सुईच्या वाटेवर पेशी सांडून गाठ रुजल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. खरा धोका रक्तस्रावाचा. म्हणून आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवतात, बीपी आटोक्यात आणतात आणि नंतर काही तास पडून राहायला लावतात.

आणखी एक. पातळ सुईने नुसत्या पेशी ओढून घेतल्या तर लिम्फोमाचं निदान अनेकदा अर्धवट राहतं. आम्हाला पेशींची मांडणीही बघायची असते, शिवाय पुढच्या तपासण्यांना माल पुरायला हवा. म्हणून 'कोअर बायोप्सी' हा शब्द वापरा आणि तीन-चार चांगले तुकडे घ्या अशी विनंती करा.

एकच किडनी

ताई, माझं नाव वाचून अंदाज आला असेल. सहा वर्षांपूर्वी माझी डावी किडनी काढली. निदान रीनल सेल कार्सिनोमाचंच सांगितलं होतं. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला, डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. सर्जन प्रामाणिक माणूस होते, मला समोर बसवून म्हणाले की आधी कळलं असतं तर मी हात लावला नसता. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, राग धरून काही मिळणार नाही.

पण त्याची किंमत काय पडली ते लिहितो. एक, किडनी काढून आजार संपला नाही. केमोच्या सहाही सायकल घ्याव्याच लागल्या, कारण लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा आजार, त्याच्या पेशी रक्तातून आणि लसिकेतून फिरतात. दोन, जखम भरेपर्यंत केमो सुरू करता येईना, ते पाच आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब आठवडे. तीन, प्रत्येक औषधाच्या आणि प्रत्येक स्कॅनच्या वेळी आता एकाच किडनीचा हिशेब मांडावा लागतो. मी आज बरा आहे. पण दादांना थांबवा. एक सुई, एवढंच मागा.

निळाई

मी रक्तविकारतज्ज्ञ आहे. सूक्ष्मदर्शींशी पूर्ण सहमत. दोन गोष्टी जोडते, पहिली तातडीची.

ताप उतरावा म्हणून कोणी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन सुरू करत असेल, तर बायोप्सी होईपर्यंत थांबवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी झपाट्याने मरतात. रुग्णाला दोन दिवस बरं वाटतं आणि बायोप्सीत नुसत्या मेलेल्या पेशी सापडतात. प्रकृती फारच बिघडली असेल तर गोष्ट वेगळी, तो निर्णय समोरच्या डॉक्टरांचा.

दुसरी, रक्तात एलडीएच (पेशी मोडल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि युरिक ॲसिड तपासा. एलडीएच खूप वाढलेलं असेल तर लिम्फोमाच्या शंकेला बळ मिळतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्याही आत्ताच करून ठेवा. हिपॅटायटिस बीमध्ये नुसतं एचबीएसएजी (चालू संसर्गाची खूण) पुरत नाही, अँटी-एचबीसी (जुन्या संसर्गाचीही खूण) सुद्धा हवं. कारण पुढे सांगेन.

धाकटी बहीण

निळाई डॉक्टर, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. कालच तापासाठी प्रेडनिसोलोन लिहून दिलं होतं, गोळ्या आणलेल्या होत्या, घ्यायच्या बाकी होत्या. फोन करून विचारलं, डॉक्टर म्हणाले बायोप्सीपर्यंत थांबा.

सर्जनला पुन्हा भेटले. रेडिओलॉजिस्टशी त्यांनी माझ्यासमोर फोनवर बोलणं केलं. गाठ एकसारखी आहे, डाय कमी घेते, शीर मोकळी आहे. एलडीएच नॉर्मलच्या दुपटीच्या वर. ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, ऑपरेशन पुढे ढकलू. मोठ्या मनाचा माणूस. परवा बायोप्सी.

उन्हाळी पाऊस

माझ्या आईला दोन्ही किडन्यांत लिम्फोमा झाला होता. तिला गाठ अशी नव्हतीच. दोन्ही किडन्या सूज आल्यासारख्या मोठ्या झालेल्या, आतून पेशींनी भरलेल्या. दुखत नव्हतं, लघवीत रक्त नव्हतं. फक्त क्रिएटिनिन वाढत वाढत ७ वर गेलं आणि डायलिसिस सुरू झालं. सोनोग्राफीत कुठे अडथळा नाही, खडा नाही. शुगर नाही, जुना बीपी नाही. किडनीविकारतज्ज्ञांनी सांगितलं की जुन्या आजारात किडन्या बहुतेक आक्रसतात, या उलट मोठ्या झाल्यात, याचं उत्तर सुईनेच मिळेल. मिळालं.

केमो सुरू झाल्यावर सातव्या दिवसापासून लघवी वाढली. तिसऱ्या आठवड्यात डायलिसिस बंद. क्रिएटिनिन आज १.४ आहे. हे अशासाठी लिहिलं की डायलिसिस लागलं म्हणजे किडनी कायमची गेली असं या आजारात धरून चालू नये. पेशींची गर्दी हटली की किडनी पुन्हा काम करू शकते.

निळाई

उन्हाळी पाऊस, तुमच्या आईच्या बाबतीत जे झालं तो या आजाराच्या निदानाचाच एक निकष मानला गेलाय. किडनी मोठी, अडथळा नाही, निदान किडनीच्याच तुकड्यावरून, शरीरात दुसरीकडे लिम्फोमा नाही, आणि उपचारानंतर किडनीचं काम सुधारणं.

धाकटी बहीण

बायोप्सी होऊन अकरा दिवसांनी रिपोर्ट आला. लिम्फोमाच आहे. मी खुर्चीत बसून रडले. भीती होतीच, पण किडनी वाचली याचंही रडू होतं.

रिपोर्टातलं कळत नाहीये: डिफ्यूज लार्ज बी-सेल, सीडी-२० पॉझिटिव्ह, सीडी-३ निगेटिव्ह, सीडी-१० निगेटिव्ह, बीसीएल-६ आणि एमयूएम-१ पॉझिटिव्ह, केआय-६७ ८० टक्के. फिश तपासणीत मिक जनुकाची फेरजुळणी नाही. ८० टक्के म्हणजे कॅन्सर ८० टक्के पसरलाय का?

सूक्ष्मदर्शी

नाही हो, अजिबात नाही. केआय-६७ म्हणजे त्या तुकड्यातल्या शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत तो आकडा. गाठ वेगाने वाढणारी आहे एवढंच तो सांगतो. वेगाने वाढणाऱ्या पेशींवर केमो चांगली चालते, हेही लक्षात ठेवा.

सीडी-२० पॉझिटिव्ह, सीडी-३ निगेटिव्ह म्हणजे पेशी बी जातीच्या, टी जातीच्या नाहीत. किडनीतून सुरू होणाऱ्या लिम्फोमांत हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. सीडी-२० ही पेशीच्या पृष्ठभागावरची खूण, आणि रिटुक्सिमॅब नेमकं तिलाच चिकटतं. सीडी-१० निगेटिव्ह आणि एमयूएम-१ पॉझिटिव्ह असल्याने हा जर्मिनल सेंटरबाहेरचा (लसिका ग्रंथीत बी पेशी वाढतात त्या केंद्राबाहेरचा) प्रकार. मिकची फेरजुळणी नाही ही चांगली बातमी. मिकच्या जोडीला बीसीएल-२ हे जनुकसुद्धा बदललेलं असतं तर 'डबल हिट' म्हणून जास्त तिखट उपचार लागण्याची शक्यता होती.

मनात शंका असेल तर पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या आणि लिम्फोमा नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. मला तरी कोणी असं केलेलं आवडतं.

ओसरी

एक मूलभूत शंका. लिम्फोमा लसिका ग्रंथींचा. किडनीत ग्रंथी नाहीत. मग तिथे सुरू कसा होतो?

सूक्ष्मदर्शी

याच प्रश्नामुळे एकेकाळी असा आजार असतो की नाही यावरच वाद होता. निरोगी किडनीच्या गाभ्यात लसिका ऊतक नसतं. एक कल्पना अशी की जुनाट दाहामुळे लिम्फोसाइट तिथे येऊन वस्ती करतात आणि त्यांतली एखादी बिघडते. दुसरी अशी की सुरुवात किडनीच्या आवरणात किंवा आसपासच्या चरबीत होते, तिथे लसिकावाहिन्या असतात. सर्वमान्य उत्तर अजून नाही.

उलट बाजूने मात्र लिम्फोमा किडनीत सहज पोचतो. शरीरभर पसरलेल्या लिम्फोमात शवविच्छेदनात साधारण तिघांत एकाच्या किडनीत तो सापडल्याच्या जुन्या नोंदी आहेत. म्हणूनच 'किडनीतूनच सुरू झाला' म्हणण्याआधी बाकी सगळं शरीर तपासावं लागतं.

धाकटी बहीण

पेट स्कॅन झाला. फक्त उजवी किडनी उजळली. बोन मॅरो स्वच्छ. पण रेडिओलॉजिस्ट म्हणाले किडनीचा पेट वाचणं अवघड असतं. का?

निळाई

पेटमध्ये टोचलेलं किरणोत्सारी ग्लुकोज लघवीवाटेच बाहेर पडतं. त्यामुळे निरोगी किडनी, मूत्रनलिका, मूत्राशय सगळंच उजळतं, आणि त्या उजेडात छोटी गाठ लपू शकते. लघवी वाढवणारं इंजेक्शन देऊन, नंतर उशिरा पुन्हा चित्र काढून हा घोळ बराच सोडवता येतो.

आता उपचार. बहुतेक वेळा आर-चॉप देतात: रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि पाच दिवस प्रेडनिसोलोन. दर २१ दिवसांनी, साधारण ६ सायकल. काही रुग्णांना व्हिन्क्रिस्टिनऐवजी पोलाटुझुमॅब असलेली जोडणी देतात. डॉक्सोरुबिसिनच्या आधी हृदयाचा इको होईलच. तीन बाबी जास्त डोळ्यांत तेल घालून बघायच्या.

ट्यूमर लायसिस. गाठ झपाट्याने विरघळली की पेशींतलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड एकदम रक्तात उतरतं, आणि ते बाहेर टाकायचं काम याच आजारी किडनीवर पडतं. म्हणून आधीपासून भरपूर सलाईन, युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल (किडनीप्रमाणे डोस) किंवा रॅसब्युरिकेज, आणि पहिले दिवस वारंवार रक्ततपासणी. रॅसब्युरिकेजच्या आधी जी-६-पीडी हे एन्झाइम तपासावं लागतं. पहिली सायकल दाखल होऊन घेतलेली बरी.

हिपॅटायटिस बी. जुना संसर्ग यकृतात झोपून असतो, रिटुक्सिमॅबने तो उठू शकतो आणि जिवावर बेततो. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर आधी विषाणूविरोधी गोळी सुरू करतात आणि रिटुक्सिमॅब संपल्यावर निदान वर्षभर चालू ठेवतात.

तिसरी मेंदूची. किडनी किंवा ॲड्रिनलमध्ये (किडनीवरच्या ग्रंथीत) आजार असणाऱ्यांत तो पुढे मेंदूत परतण्याचा धोका जास्त दिसलाय, इतका की त्या धोक्याच्या गुणांकनात किडनी-ॲड्रिनलला स्वतंत्र एक गुण आहे. बाकीचे पाच: वय ६० च्या वर, एलडीएच वाढलेलं, रुग्ण अंथरुणाला खिळत चाललेला, तिसरी-चौथी स्टेज, ग्रंथींबाहेर एकाहून जास्त जागी आजार. ४ ते ६ गुण असतील तर दोन वर्षांत सुमारे १० टक्के, २-३ गुणांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दादांचे माझ्या हिशेबाने २ होतात. प्रतिबंध म्हणून जास्त डोसचं मेथोट्रेक्सेट देतात, पण त्याचा फायदा किती यावर आज तज्ज्ञांत एकमत नाही. शिवाय ते औषध किडनीवाटेच बाहेर जातं. कमी काम करणाऱ्या किडनीत ते साठून राहिलं तर विष होतं. म्हणून हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांशी नीट बसून बोला, धाग्यावरून ठरवू नका.

धाकटी बहीण

दादाचं अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह निघालं! त्याला कधी कावीळ झाल्याचं आठवत नाही. केमोच्या आधी एन्टेकाविर ही विषाणूविरोधी गोळी सुरू केली, किडनीप्रमाणे डोस कमी करून. तुम्ही सांगितलं नसतं तरी ते झालं असतं, आमच्या डॉक्टरांच्या यादीत ते होतंच, पण मला का ते कळलं होतं म्हणून मी घाबरले नाही.

मणक्यातलं पाणी तपासलं, स्वच्छ आहे. मेथोट्रेक्सेट आत्ता नको असं ठरलं.

पहिली सायकल कालच झाली. रात्री दादाने हाक मारली, लघवी लालसर. मी थरथरत नर्सना बोलावलं.

एकच किडनी

लाल इंजेक्शनचा रंग! डॉक्सोरुबिसिन. एक-दोन दिवस लघवीला तो रंग येतो. माझ्या बायकोने तर टॅक्सी बोलावली होती. पण दोन दिवसांनंतरही लाल राहिली, गुठळ्या आल्या, जळजळ झाली, तर लगेच सांगा. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयातून रक्त येऊ शकतं.

धाकटी बहीण

तिसऱ्या सायकलनंतर अकराव्या दिवशी रात्री दोनला ताप ३८.४ सेल्सिअस. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघू असं दादा म्हणत होता. मी ऐकलं नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) फक्त २०० निघाले. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. चार दिवसांत घरी. ज्यांचं कोणी केमोवर आहे त्यांनी थर्मामीटर उशाशी ठेवा आणि ३८ च्या वर गेला की निघा, वेळ बघू नका. आता प्रत्येक सायकलनंतर दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन मिळतं.

बोटांची टोकं बधिर झालीत, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. व्हिन्क्रिस्टिनचा डोस कमी केला. मधल्या स्कॅनमध्ये गाठ ७.८ वरून २.९, क्रिएटिनिन १.२.

उन्हाळी पाऊस

आईची बधिरता जायला आठ महिने लागले, पण गेली. २.९ वाचून फार बरं वाटलं.

धाकटी बहीण

सहा सायकल पूर्ण होऊन सात आठवडे झाले. शेवटचा पेट काल आला. डॉव्हिल स्कोअर (पेटमधला उजेड मोजणारी १ ते ५ ची पट्टी) २. डॉक्टर म्हणाले, पूर्ण प्रतिसाद. आता दर तीन महिन्यांनी तपासणी, एन्टेकाविर चालूच.

ज्या सर्जननी ऑपरेशन पुढे ढकललं त्यांना रिपोर्ट नेऊन दाखवला. त्यांनी पहिलं आणि शेवटचं स्कॅन शेजारी शेजारी लावून बराच वेळ बघितलं आणि दोन्हीची प्रत मागून घेतली.

एकच किडनी

ताई, एक विचारू का? दादांची ती उजवी किडनी आता किती काम करते?

धाकटी बहीण

डीटीपीए स्कॅन केला, त्यात दोन किडन्यांच्या कामाची वाटणी कळते. ३८ टक्के उजवी, ६२ टक्के डावी. वरच्या टोकाला एक छोटा व्रण राहिलाय, बाकी सगळी आहे.